दोन दुपारींचा हत्ती

वैशाखात कानंद आणि गुंजवणीच्या खोऱ्यांत भाताचे राब भाजून होतात आणि पहिल्या पावसापर्यंत खाचरे स्वस्थ पडून राहतात, तेव्हा तेथील स्त्रियांच्या हातांना जी थोडी उसंत लाभते तिचे त्या काय करतात, हे पाहण्याच्या उत्कंठेने मी वेल्ह्यास, तोरण्याच्या पायथ्याशी गेलो; कारण भोरच्या बाजारात माझ्या हाती आलेला, तेथेच शिवलेला कापडी हत्ती मला विलक्षण हलका वाटला होता.

दिवस १ मेचा, महाराष्ट्र दिनाचा होता. सकाळी कचेरीसमोर ध्वजवंदन झाले, शाळेत निकालपत्रके वाटली गेली, आणि मग एका घराच्या माजघरात चारपाच जणी कामास बसल्या. उकाडा असह्य असूनही दार लावलेले व पंखा बंद होता. कारण काटेसावरीची बोंडे याच दिवसांत फुटतात आणि तिचा कापूस नुसत्या झुळुकेने उधळतो. हत्तीच्या हलकेपणाचे रहस्य तेच होते. हा तंतू इतका आखूड व गुळगुळीत असतो की त्याचे सूत निघत नाही. म्हणून तो उशागाद्यांत आणि या खेळण्यांच्या उदरात जातो.

जुन्या लुगड्याचे तुकडे पुठ्ठ्याच्या साच्यावर बेतून, उलट बाजूने शिवून सुलटे करावयाचे, भरावयाचे आणि तोंड शिवून टाकावयाचे, एवढीच ही कृती. परंतु सोंड भरणाऱ्या एका वृद्ध काकूंकडे माझी दृष्टी वारंवार वळत होती. पेन्सिलीच्या बोथट टोकाने चिमूटभर कापूस त्या आत सारीत, बोटांनी चाचपीत, आणि कोठे गाठ लागली तर सारा बाहेर काढून पुन्हा आरंभ करीत.

"घाई केली की सोंड मुडपती, दादा," त्या म्हणाल्या, "एका हत्तीला दोन दुपारी जात्यात."

डोळ्यांना गुंड्या न लावता त्या काळ्या दोऱ्याने भरतात. सुटलेली गुंडी एखाद्या तान्ह्या मुलाच्या घशात अडकेल, ही चिंता त्यांना आहे, आणि ते मूल त्यांच्या दृष्टीस कधी पडणारही नाही.

दोन दुपारी! आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली काम थांबविले तो १ मेच होता, आणि १९६० साली याच तारखेस जे राज्य अस्तित्वात आले त्याच्यासाठी मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले होते. परंतु या माजघरातील श्रमांची नोंद कोणत्याही हजेरीपटात नाही. कापड जुने, कापूस रानचा, एवढे पाहून गिऱ्हाईक बेलाशक निम्म्या किमतीस हत्ती मागते, आणि घरबसल्या केलेले काम म्हणून त्या दोन दुपारी जमाखर्चातून गळून पडतात.

शेतमजुराचा किमान रोज सरकार कायद्याने ठरविते. दोन दुपारी म्हणजे जवळजवळ एका मजुराचा एक दिवस. तेव्हा त्याच दराने काकूंचा मेहनताना आधी मांडावा, कापडदोऱ्याचा खर्च त्यात नंतर मिळवावा, आणि जी रक्कम येईल तीच हत्तीची किंमत समजून घासाघीस न करता द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.