शब्दांची भावकी : गोठ्यातलं नाव, ताटातलं नाव

‘कॅप्टन’, ‘चॅप्टर’ आणि ‘शेफ’ यांचं एकच घराणं आज उलगडायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. ‘शेफ’ फ्रेंचांकडून आला हे वाचून काही वाचकांनी विचारलं आहे, की जनावराला एक नाव आणि त्याच्या मांसाला दुसरं, ही इंग्रजीतली तऱ्हा नॉर्मन राजवटीमुळेच ना? या समजाला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’मुळे (१८१९). त्यातला विदूषक वाम्बा डुकरं राखणाऱ्या गर्थला सांगतो, की जनावर सॅक्सन गड्याच्या राखणीत असेपर्यंत ‘स्वाइन’, नॉर्मन धन्याच्या मेजावर गेलं की ‘पोर्क’. ऑक्सचं बीफ होतं, काफचं वील होतं, तेही असंच. शीप-मटन ही जोडी पुढे लोक याच हिशेबात धरू लागले. कल्पना मात्र स्कॉटची नव्हे. जॉन वॉलिसने १६५३च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात ती आधीच मांडली होती.

माझ्या मते ही गोष्ट अर्धीच खरी आहे. इंग्लंडवरच्या १०६६च्या नॉर्मन विजयामुळे हे शब्द इंग्रजीत रुजले, यात शंका नाही. पण कामाची वाटणी तेव्हा झाली नाही. फ्रेंचमध्ये ‘मूताँ’ म्हणजे मेंढीही आणि तिचं मांसही; हे दोन्ही अर्थ घेऊनच शब्द खाडी ओलांडून आला. शेक्सपियरचा शायलॉक माणसाच्या मांसाची तुलना मटनांच्या आणि बीफांच्या मांसाशी करतो, तेव्हा ते शब्द जनावरांचेच असतात. जॉन्सनच्या १७५५च्या कोशात ‘मटन’चा पहिला अर्थ मांस, दुसरा मेंढी; आणि हा दुसरा आता फक्त थट्टेत उरला, अशी नोंद आहे. धनी-गड्याच्या नात्यानेच वाटणी केली असती, तर तिला सात शतकं कशाला लागली असती? एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत शेजारी नांदू लागले की हळूहळू प्रत्येक जण आपलं वेगळं काम शोधतो. इथे तेच झालं.

मग ताट नेहमी फ्रेंच शब्दाच्याच वाट्याला का आलं, हा आक्षेप रास्त आहे, आणि तेवढ्यापुरता वाम्बा बरोबर आहे. दरबाराची आणि मेजवानीची भाषा पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच होती. प्रतिष्ठा त्या शब्दांना चिकटली. पण तो नियम नव्हे. ‘लॅम्ब’ आणि ‘फिश’ ताटातही आपलं जुनं नाव टिकवून आहेत, आणि ते काही नॉर्मन सरदारांना वर्ज्य नव्हते.

शिवाय ज्यांना आपण परके समजतो, ते मुळात सख्खेच. ‘काऊ’ जर्मानिक वाटेने आला, ‘बीफ’ लॅटिन-फ्रेंच वाटेने. दोघांचं मूळ एक, आणि आपला ‘गो’ त्याच मुळाचा. ‘वील’ ज्या लॅटिन शब्दातून आला, तो संस्कृत ‘वत्स’चा नातलग, म्हणजे आपल्या ‘वासरा’चाही. मटण मात्र महाराष्ट्रात आल्यावर बहुतेक ठिकाणी बकऱ्याचं झालं.

‘कॅप्टन’चं घराणं पुढच्या आठवड्यात.