वक्तृत्वाचा आरंभ

शाळेंतील वक्तृत्व म्हणजे बहुधा पाठ केलेलें भाषण. मधलें एक वाक्य विसरलें कीं मुलाचे पाय लटपटतात, वर्ग हंसतो, आणि तें मूल पुन्हां व्यासपीठाकडे फिरकत नाहीं. त्याच्याजवळ शब्द असतात. सांगण्याजोगें स्वतःचें कांहीं नसतें.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत २००५ च्या सुमारास निघालेल्या 'डिझाइन स्कूल'नें रूढ केलेला एक पाठ हायस्कुलांत येथें उपयोगी पडतो. विषय क्षुल्लक : पैशाचें पाकीट. दोघांनीं समोरासमोर बसावयाचें. एकानें विचारावयाचें, पाकिटांत काय आहे, ही जुनी चिठ्ठी अजून कां जपली आहे? जोडीदाराची खरी अडचण उमगली कीं ती एका वाक्यांत मांडावयाची, पांच तरी उपाय रेखाटावयाचे, कागद व चिकटपट्टी घेऊन ओबडधोबड नमुना करावयाचा आणि त्यावरील आक्षेप निमूटपणें ऐकावयाचे. (हें शेवटचें मोठ्यांनाहि जड जातें.)

मग त्यालाच वर्गापुढें उभें करावें. हातीं नमुना, समोर ज्याची अडचण तो बसलेला. पाठ केलेलें कांहींच नसल्यानें विसरण्याचें भय पुष्कळ ओसरतें. नमुना फसला असल्यास तो कां फसला, हेंच भाषण. शिक्षकानें मात्र हातवाऱ्यांना गुण देण्याचा मोह आवरावा व एवढेंच पाहावें, कीं सांगितलेली अडचण जोडीदाराची आहे, कीं वक्त्यानें घरून आणलेली.