सीडीत झोपलेली पत्रं

तुमच्या घरी आजी-आजोबांची एखादी जुनी ट्रंक असेल, तर तिच्या तळाशी हात घालून बघा. सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा हमखास सापडेल. निळी इनलँड लेटरं, पिवळट पडलेली पोस्टकार्डं, वर 'श्री' आणि खाली 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. पन्नास वर्षांपूर्वीचं पत्र असलं तरी उघडलं की लगेच वाचता येतं. त्याला ना वीज लागते, ना पासवर्ड!

आता मला सांगा, वीस वर्षांपूर्वी लोकांनी जी ई-मेल पत्रं लिहिली, ती कुठल्या ट्रंकेत आहेत?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका मे महिन्याच्या सुट्टीत. माझी चौदा वर्षांची भाची सांगलीला आजोळी आली होती. आजीचं कपाट आवरता आवरता तिला कागदी पाकिटातली एक सीडी मिळाली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'अण्णा. मेल. २००९.' अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. ते २००९ साली गेले. भाचीनं त्यांना पाहिलेलंच नाही. तिची आई, म्हणजे माझी ताई, तेव्हा टोरांटोला नोकरीला होती. परदेशी फोन महाग, म्हणून अण्णा साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि एका बोटानं टाइप करत लेकीला पत्रं लिहू लागले. २००५ ते २००९, अशी चार वर्षं.

"मग ती आईकडे असतीलच की!" भाची म्हणाली. नव्हती. ताईचं खातं ऑफिसचं होतं. नोकरी सुटली, खातं बंद झालं, पत्रं गेली. आणि अण्णांच्या बाजूचं काय? त्या काळी आमच्याकडे इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. जितका वेळ जोडलेलं, तितकं बिल! म्हणून जोडायचं, आलेली पत्रं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, लिहिलेली धाडायची आणि झटकन तोडायचं. पत्रं उतरली की कंपनीच्या सर्व्हरवरची प्रत पुसली जाई, कारण तिथे जागाच फार थोडी. हॉटमेलसारख्या नावाजलेल्या सेवेतसुद्धा २००४ पर्यंत फुकट खात्याला २ एमबी जागा मिळायची. आज तुमच्या फोननं काढलेला एकच फोटो तेवढी जागा खातो! १ एप्रिल २००४ ला जीमेलनं १ जीबी जागा जाहीर केली, तेव्हा पुष्कळांना तो एप्रिल फूलच वाटला होता.

थोडक्यात, अण्णांची पत्रं जगात एकाच ठिकाणी उरली होती : मी कॉम्प्युटर देऊन टाकण्याआधी घाईघाईनं भरून ठेवलेल्या त्या सीडीवर.

कपाटात, कशालाही न जोडलेली, म्हणूनच ती वाचली असंही म्हणता येईल. २०११ च्या फेब्रुवारीतली एक गोष्ट सांगतो. जीमेलच्या साठवणीच्या प्रोग्रॅममध्ये एक नवी सुधारणा केली गेली आणि तिच्यातल्या चुकीमुळे काही लोकांच्या टपालपेट्या एकाएकी रिकाम्या दिसू लागल्या. शेकडा ०.०२ लोक, म्हणजे दहा हजारांत दोन. गूगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. पण त्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे चूक सगळ्यांना बाधली! शेवटी कामी आली ती जुन्या पद्धतीची चुंबकीय टेप. गाण्याच्या कॅसेटमध्ये असायची ना, त्याच जातीची. टेप कशालाही जोडलेली नव्हती, म्हणून चूक तिच्यापर्यंत पोचलीच नाही. टेपवरून पत्रं परत आणायला वेळ लागला, पण ती आली.

आमच्यापुढे पहिली अडचण म्हणजे सीडी घालायची कशात? आजकालच्या लॅपटॉपला ती खाचच नसते. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. चकती घुर्र घुर्र करत फिरली, कॉपी व्हायला लागली आणि ऐंशी टक्क्यांवर अडली. सोळा वर्षांत सीडीवर ओरखडे पडले होते. अशा वेळी पुन्हा पुन्हा जबरदस्ती करायची नाही, बरं का! सीडीवर माहिती २०४८ बाइटांच्या कप्प्यांत भरलेली असते. वाचता न येणारे कप्पे सोडून बाकीचे उचलणारे प्रोग्रॅम मिळतात, तसा एक लावला. अकरा कप्पे गेले, बाकी सगळं आलं. मग आणलेल्या फाइलींची आणखी एक प्रत काढली आणि ठरवलं की जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

सीडीवर 'सेंट' नावाची एक मोठी फाइल होती; अण्णांनी पाठवलेली पत्रं तिच्यात. शेजारी त्याच नावाची, पुढे 'एमएसएफ' अशी शेपटी असलेली एक छोटी फाइल. अण्णा थंडरबर्ड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरत. तो २००४ च्या डिसेंबरात निघाला आणि आजही आहे.

"मोठी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघ," मी भाचीला म्हटलं. तिला वाटलं, काहीतरी अगम्य चिन्हं दिसतील. पण पडद्यावर चक्क अक्षरं आली! ही फाइल 'एमबॉक्स' प्रकारची असते. म्हणजे काय, तर सगळी पत्रं एकाखाली एक चिकटवलेली एक लांबच लांब गुंडाळी, जुन्या जन्मपत्रिकेसारखी. नवं पत्र कुठून सुरू होतं हे कळावं म्हणून त्याच्या आधीच्या ओळीची सुरुवात इंग्रजी 'फ्रॉम' या शब्दानं होते. पुढे तारीख, मग पत्ता, विषय, आणि मग मजकूर.

पहिलंच पत्र रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीतलं होतं. भाचीनं अडखळत मोठ्यानं वाचलं. ताईनं तिथल्या बर्फाचं काहीतरी लिहिलं असावं, कारण अण्णांनी विचारलं होतं, 'बर्फ पडल्यावर भाजीवाला येतो का?' भाची पोट धरून हसली.

थोडं खाली गेल्यावर ती थबकली. "मामा, आजोबांनी मधेच हा बाण का काढलाय?" अण्णा इंग्रजीचे मास्तर, एखादं वाक्य इंग्रजीत लिहायची त्यांना खोड. एका ओळीची सुरुवात त्यांनी नेमकी 'फ्रॉम'नं केली होती. आता प्रोग्रॅमचा घोटाळा होणार ना! त्याला वाटणार, इथून नवं पत्र सुरू झालं. म्हणून साठवताना अशा ओळीआधी बाणाच्या टोकासारखी एक खूण घालण्याची रीत आहे. बाण आजोबांचा नव्हे, कॉम्प्युटरचा.

मग आली पानंच्या पानं अर्थहीन अक्षरांची. हे म्हणजे फोटो. ई-मेलची रचना झाली ती साध्या इंग्रजी अक्षरांपुरती. तिच्यातून चित्र धाडायचं कसं? १९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी त्याची पद्धत नियमांत बसवून दिली. इंग्रजीची २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, १० अंक आणि आणखी दोन चिन्हं, झाली की नाही ६४? चित्राच्या दर तीन बाइटांमागे या चौसष्टांतली चार चिन्हं लिहायची, पलीकडच्या कॉम्प्युटरनं उलट हिशेब करून चित्र उभं करायचं. म्हणून पत्राला जोडलेला फोटो मूळच्यापेक्षा एक तृतीयांशानं जड होतो. आणि एक गंमत : जेपेग प्रकारचा फोटो असला की या जंजाळाची सुरुवात नेहमी तिरपी रेघ, नऊचा आकडा, छोटा जे आणि पुन्हा तिरपी रेघ अशीच होते. भाची ही खूण शोधत सुटली आणि न उघडताच फोटो मोजले. तेवीस!

आता ही गुंडाळी प्रोग्रॅममध्ये परत नांदवायची. भाचीनं आपल्या लॅपटॉपवर थंडरबर्ड घेतला आणि उत्साहानं फाइल त्याच्या फोल्डरात ओढणार, तोच मी तिचा हात धरला. तिथे तिचीही एक 'सेंट' नावाची फाइल होती! जुनी नव्यावर पडली असती तर आजोबांची पत्रं आली असती आणि नातीची गेली असती. परत आणण्याच्या नादात असलेलं घालवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. आम्ही फाइलचं नाव बदलून 'आजोबा' ठेवलं. प्रोग्रॅम पूर्ण बंद केला, फाइल 'लोकल फोल्डर्स'च्या जागी ठेवली. शेपटीवाली छोटी फाइल घेतलीच नाही. ती म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. चुकीची असण्यापेक्षा नसलेली बरी. नसली की प्रोग्रॅम मोठी फाइल वाचून नवी तयार करतो.

प्रोग्रॅम उघडला. डावीकडे 'आजोबा' अशी ओळ उमटली आणि तिच्यात २११ पत्रं.

"पण मामा, नोटपॅडमध्ये मी 'फ्रॉम' मोजले ते २१८ होते." पोरगी हुशार! सात पत्रं कुठे गेली?

या प्रकारच्या फाइलीत पत्र पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होत नाही. गुंडाळीतून मधलाच तुकडा कापायचा तर पुढचं सगळं वर सरकवावं लागतं, त्याला वेळ लागतो. म्हणून प्रोग्रॅम नुसती खूण करून ठेवतो आणि ते पत्र यादीत दाखवत नाही. खरी कापाकापी होते ती नंतर, फाइल आवळण्याची आज्ञा दिली की. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर एक अवस्थेचा आकडा असतो. त्यात १ म्हणजे वाचलेलं, ८ म्हणजे पुसलेलं. सात पत्रांवर होता ९. वाचलेलं आणि पुसलेलं! नवाच्या जागी एक लिहिला आणि अनुक्रमणिका पुन्हा करायला लावली, की पत्रं हजर.

"करू?" भाचीची बोटं कळांवर तयार.

मी तिला थांबवलं. ही पत्रं सीडीच्या ओरखड्यानं गेलेली नव्हती, अण्णांनी स्वतःच्या हातानं पुसली होती. तारखा २००९ च्या जानेवारीतल्या. ताईला पुण्याला फोन लावला. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ती मला आली होती रे. डॉक्टरांनी काय सांगितलं ते अण्णांनी मला कळवलं आणि आईच्या नजरेस पडू नये म्हणून आपल्याकडची पुसली. तू आधी आईला विचार."

आई स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. सगळं ऐकून घेतलं. विळी न थांबवता म्हणाली, "घरात दोन माणसं. लपतंय होय काही? मला तेव्हाच कळलं होतं, पण त्यांना बरं वाटावं म्हणून गप्प राहिले. आणा परत. पण वाचून दाखवायला ताई येऊ दे."

म्हणून त्या सात पत्रांवरचा नऊचा आकडा अजून तसाच आहे. ताई आषाढात येणार होती.

तुमच्या घरची पत्रं बहुतेक जीमेलसारख्या ठिकाणी असतील. 'गूगल टेकआउट' या सोयीनं ती सगळी उतरवून घेता येतात, आणि मिळणारी फाइल हीच, एमबॉक्स! आई-बाबांना सोबत घेऊन करून बघा. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर पत्रं दिसतात म्हणजे प्रत आहे असं समजू नका. ते बहुतेक वेळा आरशातलं रूप असतं, तिकडे पुसलं की इकडेही पुसलं जातं. उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर घेतलीत तर एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. सोळा वर्षांत मी ती सीडी एकदाही उघडून पाहिली नव्हती, आणि अकरा कप्पे त्यात गेले.

त्या अकरांपैकी काही एका फोटोत पडले. सांगलीच्या आयर्विन पुलावर अण्णा उभे आहेत. फोटो वरून खाली उलगडत येतो, त्यामुळे आभाळ, टोपी, चश्मा, मिशीतलं हसू इथपर्यंत सगळं स्वच्छ. खाली नुसत्या करड्या आणि जांभळ्या पट्ट्या. मी म्हटलं, दुसरे बावीस चांगले आलेत, त्यातला एक घे. पण भाचीनं हाच छापून घेतला आणि आपल्या टेबलासमोर लावला.