वंध्यत्वोपचारांची पूर्वतयारी

वंध्यत्वावरील उपचारांपूर्वी दांपत्याने करावयाची शारीरिक व मानसिक सिद्धता. दोष रूढीने स्त्रीवर येत असला, तरी कारण पुरुषातही असू शकते. म्हणून वीर्यतपासणी आरंभीच करतात. शुक्राणू परिपक्व होण्यास सु. अडीच महिने लागत असल्याने पतीने तंबाखू व मद्य निदान तीन महिने आधी सोडणे इष्ट असते. सातारा-सांगली भागातील स्त्रियांत रूढ असलेली मशेरी ही भाजलेली तंबाखूच होय. दंतमंजन समजून तिचा उल्लेख सहसा होत नाही, म्हणून चिकित्सकाने ती मुद्दाम विचारावी. पत्नीस गर्भधारणेपूर्वी निदान एक महिना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल देतात. शरीराबाहेर फलन घडविण्याचा पहिलाच प्रयत्न सफल होईलच असे नाही. यशाची शक्यता सांगून समुपदेशन करणे २०२१ च्या अधिनियमाने चिकित्सालयांवर बंधनकारक केले आहे. किती प्रयत्नांनंतर थांबावयाचे, हे दोघांनी आधीच ठरविणे श्रेयस्कर.