हसताना कोसळणारे मूल

‘वर्गात झोपतो, हसला की पडतो, रात्री झोपेत लाथा झाडतो,’ अशी तक्रार घेऊन पालक येतात तेव्हा आपली लेखणी प्रथम कफाधिक्य अथवा अपस्मार या निदानाकडे वळते. आम्हीही एका नऊ वर्षांच्या मुलास काही महिने अतिनिद्रेचाच रुग्ण मानून लंघन व नस्य दिले; ही चूक येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिनिद्रेवर शोधनासोबत भय, चिंता, क्रोध हेही उपाय सांगितले आहेत. नार्कोलेप्सीत मात्र हसू, क्वचित क्रोधही, स्नायूंचे बल क्षणात हरण करतो. शुद्ध कायम राहते. अपस्मारापासूनचा महत्त्वाचा भेद हाच. मुलांत कधी केवळ पापण्या मिटतात, जबडा सैल पडून जीभ बाहेर येते. या व्याधीच्या मुख्य प्रकारात मेंदूतील हायपोक्रेटिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, हे २००० साली मानवी मेंदूत दाखविले गेले. केवळ कफहरणाने त्या परत येत नाहीत.

स्वप्नावस्थेत देह शिथिल राहावा हा निसर्गक्रम. तो ढळला की रुग्ण स्वप्न हातापायांनी जगतो. शेंक व माहोवाल्ड यांनी १९८६ साली वर्णिलेला हा विकार उतारवयातील पुरुषांत अधिक. बालकात आढळल्यास नार्कोलेप्सीचा शोध घ्यावाच. त्यासाठी रात्रभराची निद्रापरीक्षा व दुसऱ्या दिवशीची निद्राविलंब चाचणी लागते.

त्या मुलास आम्ही उशिरा का होईना, मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. औषध चालू आहे. दुपारी वीस मिनिटे झोपण्याची परवानगी मात्र वर्गशिक्षिकांनी आमच्या चिठ्ठीवरून दिली.