सांबर बोलले तेव्हा

वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवून मला जिथे तिथे बोलत राहण्याची खोड जडली आहे. भंडाऱ्याजवळच्या कोक्याच्या जंगलात (२०१३ सालापासून ते अभयारण्य आहे) गेल्या चैत्रात एका वनरक्षकाने ती दोन शब्दांत मोडली.

"बोलू नोका, सर."

जंगलाच्या कडेला आम्ही उभे होतो. पलीकडे गावच्या बाया वाकून मोहाची फुले वेचीत होत्या. इतक्यात शेंड्यावरचे वानर खाकरले, आणि पाठोपाठ चितळाचा तीक्ष्ण आवाज आला. माझ्या छातीत धस्स झाले. वनरक्षक मात्र हलला नाही.

"चितळ उगाच बी भेते. सांबर बोलते का, पाहू."

वानर आणि चितळ यांचा शेजार जुना. वानराला उंचावरून दूरचे दिसते. चितळ नाकाकानांनी खालची राखण करते. वानराने टाकलेला पाला, फळे चितळाला आयती मिळतात, हा वरचा नफा! जॉर्ज शॅलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्याच्या जंगलात राहून वाघ आणि हरणे यांचे निरीक्षण केले, ते कान्हा इथून फार लांब नाही.

असे ओरडणे म्हणजे भाऊबंदांना दिलेली सूचना, एवढेच मी समजत होतो. पण ते वाघासाठीही असते म्हणे! वाघाची सारी मदार दबा धरण्यावर. 'तू दिसलास' असे त्याला कळले की बहुधा तो शिकारीचा नाद सोडतो. म्हणून तर सांबर लगेच पळत नाही. धोक्याकडे तोंड करून, पाय आपटीत ओरडत राहते.

"पोंक!"

नाल्याच्या अंगाने तो आवाज आला. पुन्हा आला. आता वनरक्षकाचा चेहरा बदलला. त्याने सांगण्याआधीच बाया ताठ उभ्या राहिल्या होत्या. एक म्हातारी तेवढी वाकलेलीच. तिला ऐकू येत नव्हते. सुनेने धावत जाऊन तिचा दंड धरला आणि सगळ्याजणी एकमेकींना बिलगून मोठमोठ्याने बोलत रस्त्यावर आल्या.

वाघ काही दिसला नाही. म्हातारी मात्र सुनेवर चिडली होती. अर्धी टोपली फुले झाडाखालीच राहिली होती, आणि उन्हे चढली की ती वेचायला तिथे परत कोण जाणार, असे ती विचारीत होती.