चाकांवरचे बिऱ्हाड

श्रोतेहो, मागल्या मार्गशीर्षात आम्ही मायलेक कुरुंद्याहून पंढरपूरला गेलो. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल एवढेच की सहा-सात तासांच्या वाटेला आम्ही सहा दिवस लावले, आणि बिऱ्हाड सगळे गाडीत होते. माय चौऱ्याऐंशी वर्षांची. गुडघे धरलेले, रक्तदाबाची गोळी चालू. बारा वर्षे तिने पंढरी पाहिली नव्हती. "एकदा पायावर डोकं टेकवून आण रे बाबा," एवढेच तिचे मागणे.

परदेशात अशा प्रवासाला मोटारघरे असतात. खाट, चूल, न्हाणी, संडास सगळे एकाच गाडीत. आपल्या शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे. तशी गाडी भाड्याने घेता येते. पण मास्तरकीच्या पेन्शनीत ते भाडे बसेना. म्हणून भाच्याची प्रवासी जीप घेतली. मागे समोरासमोर दोन बाकडी. मुक्कामाला पोचलो की बाकड्यांवर आडव्या फळ्या टाकायच्या, वर गादी पसरायची, की झाली खाट. गाडी चालू असताना मात्र माय मधल्या सीटवर, पट्टा लावून. चालत्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला मोकळे आडवे करू नये. एक जोराचा ब्रेक पुरतो.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे हा मोह फार. मालाच्या टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या टाकून माणसे नेऊ नका. माल वाहण्याची गाडी माणसे वाहण्यासाठी नसते, आणि अपघात झालाच तर विम्याच्या पैशाचे वांधे होतात. गाडीची बांधणीही मनाने बदलता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याला मनाई आहे. म्हणून आम्ही एक खिळाही ठोकला नाही. फळ्या सुट्या, गादी सुटी.

तयारी माझ्या मते चोख होती. तांदूळ, ज्वारीचे पीठ, स्टोव्ह, घोंगड्या, औषधाचा डबा, पाण्याचे दोन कॅन. पहिल्या दिवशी परभणीवरून गंगाखेड गाठायचे, असा बेत. जनाबाईचे गाव, गोदावरीचा काठ. माय तिथे खूश होईल असे वाटले. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशीच पंढरीला जाते, तेव्हा वाट ओळखीची.

गंगाखेडात माय गाडीतून उतरली आणि तिला भोवळ आली. भाच्याने धरले म्हणून बरे. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि विचारले, "आजी, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

माय बोलेना. मग हळूच म्हणाली, "दोन घोट. गोळीबी नाही घेतली. त्या गोळीनं सारखं जावं लागतं. लेकाला सांगावं कसं, गाडी थांबव म्हणून? अन् थांबवली तरी बसावं कुठं?"

श्रोतेहो, मी चाळीस वर्षे पोरांना आरोग्याचे धडे शिकवले, आणि माझी माय माझ्याच गाडीत तहान मारून बसली होती. कॅन पायाशी भरलेला होता!

डॉक्टरांनी समजावले ते थोडक्यात असे. वय झाले की तहानेची जाणीवच मंद होते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा मागत नाही. त्यात संडासाच्या भीतीने मुद्दाम प्यायचे टाळले, की रक्तदाब खाली येतो, भोवळ येते, लघवीला जळजळ सुरू होते. कोणाकोणाला भ्रमही होतो. घरचे समजतात, म्हातारपण आहे, प्रवास सोसला नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते हे खरे. पण म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून तिची वेळ ठरवून घ्यायची. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर पाणी किती प्यायचे तेही विचारायचे.

आम्ही गंगाखेडात एक दिवस जास्तीचा काढला. औषधाच्या दुकानात मध्ये भोक असलेली, खाली भांडे बसणारी खुर्ची मिळाली. झाकणाची बादली घेतली, हॉटेलवाल्याकडून थोडी राख मागून आणली. मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा केला. गाडीचे मागले दार उघडायचे, दाराला पडदा बांधायचा, आत खुर्ची. भाचा आणि मी पन्नास पावले लांब जाऊन उभे. बादली मुक्कामाच्या संडासात रिती करायची. ओढ्याकाठी किंवा कोणाच्या बांधावर नाही.

पहिल्यांदा माय संकोचली. परळीच्या वाटेवर तिने स्वतःहून सांगितले, "थांबव रे जरा." आणि मग तांब्याभर पाणी मागून प्याली.

तिथून पुढे दर तासा-दीड तासाला गाडी थांबू लागली. तिला चार पावले चालवायचे, पाय मोकळे करायचे; बसून बसून रक्त साकळू नये म्हणून तेही लागतेच. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, ऊन तापायच्या आत. परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, येरमाळ्याची येडेश्वरी, बार्शीचा भगवंत, आणि मग पंढरी. मुक्काम धर्मशाळेच्या किंवा देवळाच्या आवारात, विचारून. स्टोव्ह बाहेर पेटवायचा, इंजिन बंद करून झोपायचे, काचा बोटभर उघड्या. बंद गाडीत धूर कोंडला तर माणूस झोपेतच जाते. त्याला वासही येत नाही.

एका रात्री माय जुन्या दमणीच्या गोष्टी सांगत होती. बैल थकले की गाडी सुटायची, बायका झाडीआड जाऊन यायच्या, चूल पेटायची. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर मजल नसे, म्हणून सासूसासरेही सुखाने पोचत. मोटारीला थकवा नाही, तेव्हा कुठे थांबायचे ते आपणच ठरवायला हवे. आणि मी पहिल्या दिवशी ते ठरवले नव्हते.

पंढरपुरात गर्दी बेताची होती. नामदेव पायरीपाशी माय बराच वेळ उभी राहिली. नामदेव आपल्या नरसीचे, हिंगोली जिल्ह्यातले, याचा तिला मोठा अभिमान. वाळवंटात बसल्यावर मी सांगितले की पुढे ते पंजाबात घुमानला जाऊन राहिले. तिथे त्यांचे देऊळ आहे, शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत, आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले होते.

माय ऐकत होती. मग म्हणाली, "किती मुक्काम पडतील तिथवर?"

सतराशे-अठराशे किलोमीटर, रोजचे सत्तर. मी बोटांवर मोजू लागलो. पंचवीस-सव्वीस.

"मग थंडी सरल्यावर बघू," म्हणाली, आणि भाच्याकडे हात करून पाण्याचा तांब्या मागितला.